मुंबईमार्गे लोहगाव

दुबईहून परत आलेल्या माणसाला कोथरूडात दोन प्रश्न विचारतात. सोनं काय भावाने मिळालं, आणि समुद्रातलं ते शिडाच्या आकाराचं हॉटेल आतून पाहिलंत का. सोनं आम्ही घेतलं नाही आणि हॉटेलात आम्हाला कुणी सोडलं नाही. तेव्हा ज्यांना दुबईची माहिती हवी असेल त्यांनी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या साठेबाईंकडे जावं. त्या पाच दिवसांची सहल करून आल्या आहेत आणि त्यांचं सांगणं अजून चालू आहे.

मी सांगणार आहे तो प्रवास कोथरूड ते लोहगाव विमानतळ एवढाच. रिक्षावाल्याची मर्जी असेल तर तासाभराचं काम. आम्हाला सबंध दिवस लागला, कारण आम्ही मुंबईवरून गेलो.

कोथरूड

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. पिंपरीच्या एका कारखान्यात ह्यांनी आयुष्यभर नियोजन खातं सांभाळलं. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा तिचंही नियोजन करून बाहेर पडले. त्यानंतर सोसायटीतलं एक पद ह्यांनी निवडणुकीशिवाय मिळवलं. ते म्हणजे पोचवायला जाणाऱ्याचं.

नव्वदनंतर आमच्याकडे कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरपाठोपाठ पोरं जायला लागली. मजल्यागणिक एक तरी. अमेरिकेला जायचं म्हणजे आधी मुंबईला जायचं, सहारला, आणि एका मुलामागे सहा माणसं. बाळाच्या बारशाला न आलेला काका पोचवायला मात्र यायचाच. तर गाडी कुठली करायची, घाटात चहा कुठे घ्यायचा, कुठल्या दरवाजासमोर उतरायचं, ट्रॉली कुठून पळवायची, हे सगळं ह्यांना विचारून व्हायचं. मुलगा काचेच्या दाराआड गेला की त्याच्या आईला रडायला किती वेळ द्यायचा, हेही ह्यांचं ठरलेलं होतं. मग म्हणायचे, "चला वहिनी, पार्किंगचे पैसे वाढतायत." वहिनी डोळे पुसून गाडीत बसायच्या.

माझं म्हणाल तर मी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायची. साताऱ्याचा कॉल लागला की अख्खी मंडई दणाणेल असा आवाज होता माझा, आणि अजून आहे. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ आले आणि आमचा बोर्ड मुका झाला. माणसाची विद्या बघता बघता मोडीत निघते म्हणजे काय, ते मी भोगलं होतं. ह्यांच्यावर ती पाळी अजून यायची होती.

आता लोहगाव. इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात तिथे धावपट्टी केली, ती पुढे आपल्या हवाईदलाकडे आली, आणि तिच्या कडेला तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी एक इमारत उभी राहिली. म्हणजे बंगल्याचे मालक ते, आणि पुणे विमानतळ हा आउटहाउसमधला भाडेकरू. मालकांना आपली लढाऊ विमानं उडवायची असली की भाडेकरूने गप्प बसायचं. पुण्यात भाडेकरूची परिस्थिती सगळीकडे हीच आहे, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मी तिथे पूर्वी एकदाच गेले होते, दिल्लीच्या नणंदेला आणायला. स्वारगेटपेक्षा लहान आणि स्वारगेटपेक्षा शांत. नणंद सोडून सगळं आवडलं होतं.

मग आयटीवाले आले. खुर्च्या कमी पडायला लागल्या, रांगा दाराबाहेर जायला लागल्या, आणि इमारतीला आज इकडे एक तुकडा जोड, उद्या तिकडे एक, असं सुरू झालं. आमच्या सोसायटीत लोक बाल्कन्या आत घेतात तसं. शिवाय दरवर्षी पेपरात एक नवा विमानतळ यायचा. कधी तो चाकणला असायचा, कधी राजगुरुनगरला. पुण्याभोवती विमानं नव्हे, विमानतळच घिरट्या घालत होता. आणि ह्या सगळ्या गोंधळात एक दिवस जुन्या लोहगावहूनच थेट दुबईचं विमान सुरू झालं. पेपरात आलं होतं. आम्ही वाचलंही होतं. वाचून पेपर रद्दीत टाकला.

दुबईला आमची केतकी असते. एकुलती एक. नवरा निखिल तिकडच्याच एका कंपनीत. तिला दिवस गेले आणि ती मला फोनवर म्हणाली, "आई, तू येशीलच. बाबांना आण."

ह्यांना आणणं सोपं नव्हतं. मी ह्याआधी दोनदा दुबईला जाऊन आले होते, दोन्ही वेळा एकटी. पहिल्या वेळी ह्यांनी झाडांना पाणी कोण घालणार हे कारण काढलं. आमच्याकडे झाडं म्हणजे एक तुळस आणि एक कोरफड, त्यातली कोरफड पाण्यावाचून खुशाल जगते. दुसऱ्या वेळी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. खरं कारण मला पक्कं माहीत होतं. अख्ख्या कोथरूडला विमानाने धाडणारा हा माणूस स्वतः विमानात कधी बसला नव्हता, आणि आता ते कबूल करायची सोय राहिली नव्हती. मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, केतकी बाळंत व्हायच्या आत ह्या माणसाला तिच्यासमोर नेऊन उभं करायचं. तिने आयुष्यात काही मागितलं नव्हतं आमच्याकडे. हे एवढंच मागितलं होतं.

तिकिटं निखिलने तिकडूनच काढली. "आई, ह्या वेळी तुमच्या सोयीची काढलीत," एवढंच म्हणाला. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून ह्यांनी ती छापून आणली, पासपोर्टांबरोबर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि फोल्डर स्वतःच्या पिशवीत ठेवला. त्या कागदावर ह्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या, तारीख आणि वेळ. चारचं विमान. लगेच उलटा हिशोब सुरू झाला. तीन तास आधी आत, त्याआधी घाट, त्याआधी चहा, टायर पंक्चर होण्यासाठी राखीव वेळ, आणि निघायचं उजाडताच. मीही कागद मागितला नाही. मागितला असता तर "तुझा माझ्यावर विश्वास नाही का" हे प्रकरण सुरू झालं असतं आणि ते चार दिवस चालतं.

निघायच्या सकाळी सोसायटी खाली उतरली होती. कुणी हातावर दही घातलं, कुणी नारळ दिला. जन्मभर दुसऱ्यांना पोचवणारा माणूस आज स्वतः चालला आहे, म्हणून सगळ्यांना कौतुक. गाडी संतोषची. हा मूळचा यवतमाळकडचा, पुण्यात टॅक्सी चालवतो आणि ह्यांच्या सगळ्या मोहिमांवरचा ठरलेला सारथी. बॅगा टपावर बांधून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, सहारलेच जायचं ना?"

"मग काय लोहगावला?" हे म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. संतोषने गाडी सुरू केली.

सहार

मधला रस्ता सांगण्यासारखा नाही. एक्स्प्रेसवे झाल्यापासून मुंबईचा प्रवास म्हणजे दोन टोलनाक्यांमधली झोप.

सहारला मात्र ह्यांचा रुबाब बघण्यासारखा होता. उतरल्याबरोबर ट्रॉली मिळवली, आणि मला घेऊन ते प्रस्थानाच्या बाजूच्या एका खांबाशी उभे राहिले. "हा आपला खांब," म्हणाले. इथून दारही दिसतं, गाडीही दिसते, आणि उन्हाची तिरीप येत नाही. कुलकर्ण्यांच्या मुलाला इथूनच पोचवलं, देसायांच्या मुलीला इथूनच. मला तर दोनदा इथूनच पोचवलं होतं. काशीला घाट दाखवतात तसा तो दरवाजा ह्यांनी मला दाखवला.

"आत जाऊ या ना," मी म्हणाले.

"इतक्यात सोडत नाहीत. तीन तास आधी."

मग आम्ही खांबाशी बसून दशम्या खाल्ल्या. आजूबाजूला निम्मा पंजाब कुणाला तरी कॅनडाला पोचवत होता. ते लोक पोचवताना हार घालतात आणि मोठ्याने रडतात. आपल्याकडे सूचना देतात. पासपोर्ट नीट ठेव, पोचल्यावर फोन कर, तिथलं पाणी पिऊ नकोस. रडायचं असतं ते घरी येऊन, आंघोळ करताना. मला वाटतं पंजाबी पद्धत जास्त सोयीची असावी, पण आता ह्या वयात कोण शिकणार.

बराच वेळ असाच गेला. शेवटी बाथरूमच्या निकडीने मीच फोल्डर हिसकावून दाराशी गेले. दारावरच्या जवानाने तिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिकीट बघितलं.

"आंटी, ये तो पूना का टिकट है."

मी म्हटलं, "हां, हम पूना के ही हैं."

तोवर हे मागून आले. "त्याला सांग, आपला पत्ता पुण्याचा आहे म्हणून तसं छापलंय," हे मला म्हणाले. जवान बिचारा सभ्य होता. त्याने ओळीखाली बोट ठेवलं. पुणे ते दुबई. त्यात मुंबईचा म सुद्धा नव्हता.

मी निखिलला मोबाइल लावला.

"अहो आई, थेट आहे! म्हणून तर सोयीचं म्हटलं. तुम्ही कुठे आहात?"

"सहारला."

पलीकडे शांतता. ट्रंक बोर्डावर इतकी वर्षं काढली, पण लाइन चालू असताना एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग तो म्हणाला, "चारच्या आत लोहगावला पोचणं अवघड आहे. काउंटर तर त्याआधीच बंद होतं. पण निघा. मी इकडून कुणाला फोन लागतो का बघतो. नाहीच जमलं तर पुढच्या आठवड्याचं बघू. आणि केतकीला काही सांगू नका, ती घाबरेल."

मी फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. रागावलेले, ओशाळलेले, काहीतरी असतील म्हणून पाहिलं. तसं काही नव्हतं. परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर मुलाचा चेहरा होतो, तसा हुबेहूब चेहरा होता.

"जाऊ दे," हे म्हणाले. "नशिबातच नाही. पुढच्या आठवड्यात निवांत बघू."

तीस वर्षं संसार केला आहे. ह्यांचा पुढचा आठवडा मला माहीत आहे. बाथरूमच्या भिंतीतून पाणी झिरपतंय, तेही पुढच्या आठवड्यात थांबणार आहे.

"संतोष," मी म्हटलं, "लोहगाव."

संतोषने बॅगा पुन्हा टपावर बांधल्या. बांधता बांधता म्हणाला, "काकू, मले वाटलंच होतं. आयटीवाल्यांले मी हप्त्यातून दोनदा तिथंच सोडतो. दुबईचं इमान तिथूनच जाते."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"काकांले कोन सांगन? म्हनलं, काकांचा काही इचार असन."

पुण्यात माणसं अशीच चुकतात. मूर्ख माणसाला रस्त्यात दहा जण थांबवतात. जाणकार माणूस चुकीच्या दिशेने निघाला, तर सगळे त्याला हात हलवून निरोप देतात.

घाट

खालापूर आलं. संतोषने गाण्यांची कॅसेट लावली, मी बंद करायला लावली. घाटात ट्रकांच्या मागे अडकलो तेव्हा हे म्हणाले, "काही उपयोग नाही. गाडी सरळ कोथरूडला घेऊ दे."

माझं टाळकंच सटकलं.

"तुम्हाला यायचंच नाही, असं सरळ सांगा ना. मी केतकीला कळवते. झाडं, सभा, नशीब, ही सगळी नाटकं कशाला? भीती वाटते म्हणा. भीती वाटण्यात काय कमीपणा आहे?"

"भीती कसली?" हे म्हणाले. मग खिडकीतून खाली बघायला लागले. संतोषने आरसा दुसरीकडे वळवला. त्याला तेवढी समज आहे.

"मला आतलं काही माहीत नाही," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"दारापर्यंतचं सगळं मला माहीत आहे. लोक मला विचारतात आणि मी सांगतो. पण आत गेल्यावर काय करतात, कुठे उभं राहतात, बॅग कुठे देतात, काय विचारतात, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आणि मी कुणाला विचारणार? सबंध सोसायटी मला विचारते."

"मला विचारायचं. मी दोनदा जाऊन आलेय."

"तुला काय विचारणार?" हे म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की मी भांडायचंही विसरले. राग गेला नाही. ह्या माणसाने शंभर पोरांना धीर देऊन त्या दारातून आत ढकललं होतं, आणि स्वतः दर वेळी तिथूनच मागे फिरला होता. मला ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं, ह्याचं वाईट वाटलं.

"मला काही विचारू नका," मी म्हटलं. "नुसते माझ्या मागे या. कुणाला कळणार नाही."

ह्यांनी पुन्हा कोथरूडचं नाव काढलं नाही. एक्स्प्रेसवे संपला, संतोषने गाडी डावीकडे पिंपरीच्या रस्त्याला घातली, हे आयुष्यभर ज्या कारखान्यात गेले तो मागे पडला, आणि आम्ही पहिल्यांदाच परदेशी जायला पूर्वेकडे निघालो.

लोहगाव

कोथरूडच्या माणसाला नदीपलीकडचं पुणे थोडं परराज्यच वाटतं. येरवड्याच्या पुढे गेलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, त्यांच्यासमोर गळ्यात पट्टे घातलेली पोरं, आणि मध्येच एखादी म्हैस. पाटी मराठीत, बोलणं हिंदीत, भांडण इंग्रजीत. आमच्याकडे दुपारी दुकानं बंद असतात. इकडे भरदुपारी माणसं उभ्याने नूडल्स खात होती.

विमानतळाशी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. मला आठवत होती ती इमारत कुठे सुरू होते आणि नवी कुठे संपते, हे कळायला मार्ग नव्हता. मूळच्या खोलीला पुढे मांडव, मागे पडवी, बाजूला शेड. एका भिंतीचा रंग अजून ओला होता आणि तिला लोक पाठ लावू नयेत म्हणून कुणी तरी दोरी बांधली होती. दोरीवर एका प्रवाशाने टॉवेल वाळत घातला होता. ते बघून मला एकदम आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

संतोषने बॅगा उतरवल्या. मी ट्रॉली ढकलत दाराशी गेले, तिकीट दाखवलं, आत पाऊल टाकलं आणि वळून पाहिलं, तर हे दाराबाहेर बाजूला उभे. हात मागे बांधून. चेहऱ्यावर तेच ते पोचवणाऱ्याचे भाव.

"पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव," हे मला म्हणाले. "पोचल्यावर फोन कर."

मुद्दाम केलं नव्हतं हो. पाय आपोआप थांबले होते. मला हसू आलं आणि रडूही आलं. मागे रांग तुंबली होती, दारावरचा जवान ह्यांना विचारत होता, "आप जा रहे हैं या छोड़ने आए हैं?" आणि ह्यांना उत्तर देता येत नव्हतं.

"जा रहे हैं," मी आतून ओरडले. माझा आवाज मी आधीच सांगितला आहे. अख्खा हॉल वळला. हे मान खाली घालून आत आले.

आता काउंटरवरच्या मुलीने बंद झालं म्हणून सांगायचं आणि आम्ही परत फिरायचं, एवढंच राहिलं होतं. पण काउंटरसमोर ही भली मोठी रांग. रांगेच्या शेवटी पांढरे कपडे, कपाळाला टिळा आणि गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी घातलेले एक गृहस्थ बॅगेवर बसून शेंगा खात होते. मी त्यांना दुबईच्या विमानाचं विचारलं.

"बसा की मावशी," ते म्हणाले. "इमान कुठं आलंय अजून."

तेवढ्यात बाहेर असा आवाज झाला की काचा थरथरल्या आणि एका बाळाने गळा काढला. पाठोपाठ दुसरा आवाज. हवाईदलाची विमानं सरावाला गेली होती, आणि ती परत येईपर्यंत पट्टी त्यांची. आमचं विमान वर कुठे तरी वाट बघत फिरत होतं. भाडेकरू गप्प बसला होता. त्या दिवशी मला मालकांचं जेवढं कौतुक वाटलं, तेवढं आमच्या सोसायटीच्या एकाही पदाधिकाऱ्याचं कधी वाटलेलं नाही.

त्या गृहस्थांचं नाव दत्ताभाऊ. लोहगावचेच. शेंगांचा पुडा पुढे करत त्यांनी विमानतळाचा इतिहास आपण होऊन सांगितला. "आमच्या आज्याची बाजरी हुती हितं. इंग्रज म्हनला, पट्टी करायची हाय. आज्या म्हनला, करा. न्हाई म्हनून सांगनार कुनाला? मग उरलेल्यात आमच्या बानं कांदा केला. मग ही आयटीची पोरं आली, तवा आमी उरलेल्यात बिल्डिंगी केल्या. पर चार मजल्याच्या वर बांधू देत न्हाईत. इमान अडकंल म्हनत्यात."

"मग त्रास होत असेल आवाजाचा," मी म्हटलं.

"आवाज थांबला की झोप मोडती," ते म्हणाले. "आता ह्यो इमानतळ दुसरीकडं न्हेनार म्हनत्यात. न्हेऊ द्यात. तिथल्या लोकांना बी कळंल." ते पाचव्यांदा दुबईला चालले होते. तिथे काय करता विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई. घरापासनं जवळ पडतं म्हनून जातो."

मग ते ह्यांच्याकडे वळले. "काका, पैलीच येळ का?"

मला वाटलं, झालं. आता हे अमेरिका, सहार, कुलकर्ण्यांचा मुलगा, सगळं काढणार. पण त्या दिवशी ह्यांच्यातलं अवसान बहुतेक सहारलाच उतरलं होतं.

"हो," हे म्हणाले. "पहिलीच."

"मग माझ्या मागं मागं या. काय अवघड न्हाई. म्हशी धुवायला न्हेताना करतो तसंच. त्ये म्हनतील तिकडं जायचं."

आणि आमचे हे खरोखर त्यांच्या मागे मागे गेले. बॅग पट्ट्यावर ठेवली. कमरेचा पट्टा सोडून बूट काढायला निघाले, दत्ताभाऊंनी थांबवलं. इमिग्रेशनच्या साहेबाने "कशाला चाललात" विचारलं, तर ह्यांनी केतकीची पहिलीपासूनची माहिती सांगायला सुरुवात केली. साहेबाने दुसऱ्याच वाक्याला शिक्का मारला. शिक्का बसल्यावर ह्यांनी पासपोर्ट उघडून तो बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाले, "एवढंच असतं?"

"एवढंच असतं."

"पोरांना उगाच घाबरवलं मी," हे म्हणाले.

विमान आलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. विमान मिळतंय, एवढं मी निखिलला मोबाइलवर कळवून टाकलं. इथे सहारसारखा बोगदा वगैरे नाही, आपण चालत जायचं, जिन्याने चढायचं. चालता चालता हे थांबले, तर एक शिपाई धावत आला. त्याला वाटलं फोटो काढतायत; तिथे फोटोला बंदी आहे. ह्यांच्याकडे कॅमेरा नव्हताच. हे नुसते पट्टीकडे बघत होते. विमान उडालं तेव्हा ह्यांनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. खाली लोहगाव गेलं, दत्ताभाऊंच्या चार मजली बिल्डिंगी गेल्या. पलीकडच्या रांगेतून दत्ताभाऊ ओरडले, "काका, डोळं उघडा, तिकिटात धरलंय त्ये."

ह्यांनी उघडले.

दुबई

दुबईचा विमानतळ केवढा मोठा आहे हे तुम्हाला साठेबाई सांगतीलच. आम्ही आपले दत्ताभाऊंच्या मागून चालत राहिलो, तो संपला.

बाहेरच्या कठड्यापाशी माणसांची भिंत होती. नावाच्या पाट्या, फुलं, रडणारी पोरं. आणि त्या गर्दीत सगळ्यांत पुढे, निखिलच्या खांद्याला धरून, आठवा सरत आलेल्या पोटाची आमची केतकी. पायावर सूज, कपाळावर घाम. डॉक्टरने तिला फार हिंडू नको म्हणून सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. ह्यांनाही होतं.

हे जागच्या जागी थांबले. मग सवयीने रागावले. "ह्या अवस्थेत इतक्या लांब कशाला आलीस तू? निखिल होता ना. आम्ही आलो असतो टॅक्सीने. कळत नाही का तुला?"

"खात्री करायला आले," केतकी म्हणाली.

"कसली खात्री?"

"आई दर वेळी फोनवर सांगते, बाबा नक्की येतायत. मागच्या दोन्ही वेळा मी जेवायला तुमचंही पान घेतलं होतं. दोन्ही वेळा उचलून ठेवलं."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. दोन्ही वेळा मी तिच्या घरी पोचले तेव्हा टेबल स्वच्छ होतं. मला तेव्हा वाटलं होतं, पोरगी टापटिपीची झाली.

ह्यांचा चेहरा मला बघवेना. मी बॅगा मोजायच्या निमित्ताने खाली वाकले. वर पाहिलं तेव्हा हे सगळ्या गर्दीसमोर, कुणाचीही पर्वा न करता, मनगटाने डोळे पुसत होते. हे म्हणाले, "मग आज घेतलंयस का?"

"नाही," केतकी म्हणाली. "म्हटलं, आधी माणूस बघू."

घरी गेल्यावर ह्यांनी कुणाला उठू दिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन, दोन कपाटं चुकीची उघडून, शेवटी ताट शोधलं, आणि आपलं पान आपल्या हाताने मांडलं.